बिनसहीचा कागद
(प्रस्तावना)

ज्याने आपल्या उमेदीची वर्षे सरकारी कचेरीच्या बारनिशीत घालविली आहेत, त्याला टपालाच्या गठ्ठ्यातला निनावी अर्ज ओळखण्यासाठी पाकीट फोडावे लागत नाही. पाठविणाऱ्याचा पत्ता नसतो ही तर उघड खूण झाली. पण तिकिटेही वजनाच्या मानाने अधिक चिकटविलेली असतात, कारण पोस्टाच्या खिडकीशी उभे राहून पाकीट तोलून घेण्याची लिहिणाराची छाती झालेली नसते. डिंक दोनदा फिरविलेला असतो. पत्ता मोठ्या, सुट्या, मुद्दाम वेड्यावाकड्या काढलेल्या अक्षरांत असतो. आणि आत कागदाच्या तळाशी, जेथे सही असावयाची तेथे, ‘एक त्रस्त नागरिक’ किंवा ‘समस्त गावकरी’ असे काहीतरी लिहून त्याखाली मुख्यमंत्र्यांपासून तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत सर्वांच्या नावांची ‘प्रत माहितीस्तव’ अशी यादी उतरविलेली असते. अशा कागदावर आवक क्रमांक पडतो, तारखेचा शिक्का पडतो, आणि बहुधा दोन-तीन टेबले फिरून झाल्यावर ‘अर्ज निनावी, सबब दप्तरी दाखल’ असा शेरा घेऊन तो बासनात जातो. जो जात नाही त्याची गत पुष्कळदा याहून वाईट होते, आणि ती कशी होते हे सांगण्यात या पुस्तिकेची बरीच पाने खर्ची पडली आहेत.

पुस्तिकेचे लेखक माझे जुने स्नेही असून त्यांनी आयुष्यभर शाळेत मुलांना पत्रलेखन शिकविले; परंतु ज्या पत्राखाली नाव घालावयाचे नाही ते पत्र कसे लिहावे, हा धडा क्रमिक पुस्तकात कधी नव्हता, आणि सेवानिवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे नेमका तोच धडा विचारावयास येऊ लागले, तेव्हा त्यांनी तो लिहून काढला. त्यांनी तो बीड जिल्ह्यातल्या धारूरात बसून, धारूरच्या माणसासाठी लिहिला आहे ही गोष्ट वाचकाने आरंभीच ध्यानात घ्यावी, कारण मुंबईच्या माणसाला या विषयात जो उपदेश पुरतो तो येथे पुरत नाही. महानगरात सही गाळली की लेखक लाखो लोकांत मिसळून जातो. बालाघाटाच्या माथ्यावर किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेल्या या गावात, जेथे घाट चढून येणाऱ्या परक्या वाहनाचीही पारावर चौकशी होते आणि दर दुसऱ्या घराशी नाते, व्याजबट्टा किंवा भावकीचा दावा यांपैकी एकाचा संबंध असतोच, तेथे सही गाळल्याने फारसे काही साधत नाही. कारण अर्जात लिहिलेली हकिगत मुळात ठाऊक असणारी माणसे किती, हा प्रश्न ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो पहिल्या वाचनातच स्वतःला विचारतो, आणि त्याचे उत्तर बहुधा पाच-सहा नावांपलीकडे जात नाही.

येथे एक अधिक कटू गोष्ट आहे, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म तीत आहे. लहान गावात निनावी पत्र निनावी राहतच नाही. खरा लेखक सापडला तर त्याचे नाव त्याला लागते. तो सापडला नाही तर गाव त्या पत्राला दुसरे कोणाचे तरी नाव देऊन मोकळे होते. ज्याचे वैर पूर्वीपासून माहीत आहे असा शेजारी, नुकताच कामावरून काढलेला गडी, माहेरी राहणारी नणंद, इंग्रजी येते म्हणून संशयास पात्र ठरलेला एखादा पदवीधर मुलगा, यांच्यापैकी एकावर तो आळ जातो, आणि ज्याने एक अक्षरही लिहिले नाही त्याचे पाणी तोडले जाते किंवा त्याच्या बांधावरची वाट बंद होते. तेव्हा निनावी लिहिणाराने स्वतःला सांभाळावे एवढ्यावर भागत नाही; आपल्या जागी कोण धरला जाईल याचा विचार त्याने लेखणी उचलण्यापूर्वी केला पाहिजे. सुरक्षितपणा आणि समंजसपणा ही दोन निरनिराळी व्रते नसून एकाच शिस्तीची दोन अंगे आहेत, हे या पुस्तिकेचे प्रतिपादन मला या कारणाने सर्वस्वी मान्य आहे: जी हकिगत अनेकांना ठाऊक आहे आणि जी कागदोपत्री पडताळता येते तेवढीच लिहिली असता लेखकही झाकला जातो, त्याच्या शेजाऱ्यावरही बालंट येत नाही, आणि ज्याच्याविरुद्ध लिहिले त्याच्यावरही खोटा आरोप होत नाही.

जुन्या अमदानीत हा प्रश्न वेगळ्या रूपाने होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, दप्तराची भाषा उर्दू होती, आणि मराठी बोलणाऱ्या, बहुतांशी निरक्षर रयतेला आपले गाऱ्हाणे अर्जनवीसाच्या तोंडानेच सरकारदरबारी मांडावे लागे. कचेरीच्या दारात चटई टाकून बसलेल्या त्या लेखनिकास फिर्याद सांगणे म्हणजे ती अर्ध्या कचेरीस सांगणे होते. गुप्त अर्ज ही कल्पनाच तेथे संभवत नव्हती. साक्षरतेने रयतेला जे दिले त्यात स्वतःच्या हाताने, कोणास न विचारता, एक कागद लिहून पेटीत टाकण्याचा अधिकार हाही आहे. त्याची गणना सहसा कोणी करीत नाही.

ब्रिटिश मुलखातील मराठी लेखनाचा इतिहास पाहिला तर नाव झाकून लिहिण्याला तेथे मोठी प्रतिष्ठा होती. १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या सहीने इंग्रजी राज्याच्या लुटीवर जी जळजळीत पत्रे प्रसिद्ध झाली ती भास्कर पांडुरंग तर्खडकरांची मानली जातात. आणि १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाखाली आपल्याच समाजाच्या दोषांवर कोरडे ओढणारी शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरि देशमुख सरकारी चाकरीत होते. दोघांनीही नाव झाकले, पण मजकूर असा लिहिला की त्याची सत्यता तपासण्यास लेखकाच्या नावाची गरज पडू नये. युक्तिवाद समोर होता, तो पटला तर घ्यावा, न पटला तर खोडून काढावा.

याच्या अगदी उलट उदाहरण कोल्हापूर प्रकरणाचे. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी राजाराम महाराजांचे दत्तक चिरंजीव, चौथे शिवाजी महाराज, यांच्याविरुद्ध कारस्थान केल्याचे दर्शविणारी काही पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली, ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांतून त्यावर सडकून लेखन झाले, अब्रुनुकसानीची फिर्याद झाली, आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची सजा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले, आणि आगरकरांनी त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. दोघांच्या हेतूविषयी तेव्हाही कोणी शंका घेतली नाही. पण ज्या कागदांचा खरा कर्ता त्यांना ठाऊक नव्हता त्यांवर विश्वास ठेवल्यामुळे ते आत गेले. निनावी कागदावर भरवसा ठेवून पुढे पाऊल टाकणाऱ्याची जोखीम लिहिणाराहून मोठी असते. म्हणून कचेऱ्या अशा कागदापासून अंग काढून घेतात त्यात केवळ आळस नाही, ही कबुली मी माझ्या जुन्या पेशाच्या वतीने देतो.

आता त्या कचेऱ्यांविषयी. निनावी तक्रारीवर कारवाई करू नये असा आदेश केंद्रीय दक्षता आयोगाने २९ जून १९९९ रोजी काढला. २००२ साली, पडताळण्याजोगी माहिती असल्यास आयोगाच्या संमतीने चौकशी करावी अशी फट ठेवली. आणि २०१४ च्या नोव्हेंबरात ती फटही बुजविली. नाव घालावे तर काय होते ते सत्येंद्र दुबे यांच्या प्रकरणाने देशाला दाखविले. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील या तरुण अभियंत्याने २००२ साली सुवर्ण चतुष्कोन योजनेतील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्र लिहिले, आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली, आणि ते पत्र नावासह या टेबलावरून त्या टेबलावर, या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया येथे त्यांचा खून झाला. तो लुटारूंनी केला असा तपासाचा निष्कर्ष निघाला आणि २०१० मध्ये त्याप्रमाणे शिक्षाही झाल्या. परंतु गुप्ततेची लेखी विनंती असलेले पत्र त्या विनंतीसकट सर्वत्र फिरले, ही गोष्ट त्या निकालाने पुसली जात नाही.

त्यानंतर २१ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने जो ठराव केला त्यातील रीत वाचण्यासारखी आहे. तक्रार बंद पाकिटात पाठवावयाची, पाकिटावर ती जनहितार्थ प्रकटीकरणाची तक्रार असल्याचे लिहावयाचे पण पाठविणाराचे नाव घालावयाचे नाही. नाव आत, मजकुराच्या आरंभी वा शेवटी किंवा सोबतच्या वेगळ्या पत्रात द्यावयाचे, जेणेकरून आयोगाला ते काढून टाकून उरलेला मजकूर पुढे पाठविता येईल. आणि मुख्य म्हणजे मजकूर असा रचावयाचा की त्यातून लेखकाचा माग लागू नये, पण तपशील मात्र नेमका आणि पडताळता येण्याजोगा असावा. दिल्लीच्या सचिवालयाने आणि धारूरच्या निवृत्त मास्तरांनी एकमेकांस न विचारता एकच नियम सांगावा, याचे मला कौतुक वाटले. परंतु या ठरावाची हद्द केंद्राच्या नोकरवर्गापुरती आहे, तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला ती शिवत नाही, आणि अगदीच निनावी कागद त्याखाली घेतलाही जात नाही. पुढे ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना त्यानंतरच्या दहा वर्षांतही निघाली नाही. म्हणजे तालुक्याच्या माणसाला कायद्याचे छत्र नाही, आणि त्याचे रक्षण त्याच्या वाक्यांनीच करावयाचे आहे.

बारनिशीत जे माझ्या डोळ्यांखालून गेले त्यावरून सांगतो की माणूस पकडला जातो तो तपासाने नव्हे, कामकाजाच्या रिवाजाने. जिल्ह्याला आलेला अर्ज ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ अशा शेऱ्यानिशी तालुक्याला येतो, तालुक्याहून मंडळाला, मंडळाहून गावाला. आणि शेवटी ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हाती ‘सोबतच्या अर्जावर आपला खुलासा तीन दिवसांत द्यावा’ म्हणून मूळ कागद पडतो. कोणाच्या मनात दगा नसतो; कागद वरून खाली वाहतो एवढेच. पण त्या कागदावर हस्ताक्षर असते, वहीच्या पानाची आखणी असते, आणि ‘मी स्वतः त्या वेळी उपस्थित होतो’ असे एखादे वाक्य असते. म्हणून पुस्तिकेतला पहिला नियम असा की आपला कागद ज्याच्याविरुद्ध लिहिला त्याच्या हाती उद्या पडणारच आहे असे समजूनच तो लिहावा.

हा नियम जेथे जीवनमरणाचा होतो ते प्रकरण म्हणजे बालविवाहाची खबर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले; राज्याचे प्रमाण २१.९ टक्के, म्हणजे आमचे त्याच्या दुप्पट. कारणे येथे राहणाऱ्यास सांगावी लागत नाहीत. दसरा-दिवाळीनंतर माणसे उसाच्या फडावर निघतात, वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी हा घोर असतो, आणि मुकादमाची उचल कोयत्यामागे मिळते, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, तेव्हा लग्न लागले की नवा कोयता उभा राहतो आणि नवी उचल हाती येते. बापाला राक्षस ठरवून हे सुटत नाही, आणि लिहिणारानेही तसे ठरवून लिहू नये.

अशा वेळी कायद्याने गावपातळीवरचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक आहे. पण तो त्याच गावच्या कार्यालयात, त्याच चार मंडळींत बसतो, आणि त्याला दिलेली खबर संध्याकाळपर्यंत मांडवात पोचली तर त्याचा एकट्याचा दोष म्हणता येत नाही. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेली आणि आता सरकारमार्फत चालणारी १०९८ ही बालकांची मदतवाहिनी म्हणूनच अधिक बरी. ती गावाबाहेरची आहे आणि खबर देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याचा तिचा दंडक आहे. तरी कोणास लेखी कळवावे लागलेच तर काय लिहावे आणि काय गाळावे याचे दोन नमुने लेखकांनी जोडीने छापले आहेत, आणि माझ्या मते साऱ्या पुस्तिकेत ती दोन पाने सर्वांत मोलाची आहेत. पहिल्या नमुन्यात लिहिणारी म्हणते की काल भाकऱ्या करताना काकूच्या तोंडून ऐकले, पोरगी माझ्याजवळ रडली, तिला शिकायचे आहे, पण तिचा चुलता लई तापट आहे. हे सारे खरे आहे, हृदय हलविणारे आहे, आणि यातील प्रत्येक वाक्य एकेका बाईकडे बोट दाखविते; काकूकडे, लिहिणारीकडे, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या मुलीकडे. दुसरा नमुना कोरडा आहे: अमुक वस्तीवर, अमुक वारी, सकाळच्या मुहूर्तावर लग्न आहे, पत्रिका छापलेली नाही, मुलगी गेल्या वर्षी अमुक शाळेत नववीत होती, वय शाळेच्या नोंदवहीवरून पाहावे. यातले काहीही असे नाही की जे किराणा दुकानदारास, मंडपवाल्यास किंवा वर्गातल्या कोणासही माहीत नसेल. शाळेतील जन्मतारखेची नोंद वयाचा पहिला पुरावा म्हणून धरावी असे बाल न्याय अधिनियमाचे कलम ९४ सांगते, त्यामुळे अधिकाऱ्यालाही साक्षीदाराच्या मागे लागावे लागत नाही. वहीच साक्ष देते.

मुलीच्या बाजूने हा विचार विशेष निकराने केला पाहिजे. लग्न थांबते, पोलीस येतात, आईबापांकडून हमीपत्र घेतले जाते, बालकल्याण समितीपुढे रुजू व्हावे लागते, आणि त्यानंतर ती मुलगी पुष्कळदा त्याच घरात, त्याच चुलीपुढे जाऊन बसते. त्या रात्री घरात एकच प्रश्न असतो: कोणी कळविले? जे फक्त तिलाच ठाऊक होते असे एखादे वाक्य पत्रात असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर लिहिणारानेच पुरविलेले असते. शाळाशाळांतून बसविलेल्या ज्या तक्रारपेट्यांविषयी शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा बजावले त्यांनाही हाच न्याय लागू आहे. पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर, सर्वांच्या नजरेखाली टांगली तर तिच्यात चिठ्ठी टाकणे हेच सही करण्यासारखे होते, आणि पाण्याच्या टाकीजवळ टांगली तर तहान कोणासही लागू शकते.

निनावी पत्रांची दुसरी जात, जी दुर्दैवाने संख्येने मोठी आहे, तिच्यावर लेखकांनी थोडक्यातच लिहिले आहे आणि मीही तेथे रेंगाळत नाही. साखरपुडा ठरला की वरपक्षाच्या घरी पोचणारे ते पत्र, ज्यात मुलीचे पूर्वचरित्र, घराण्यातले कोड किंवा वेड, असे काहीतरी ‘हितचिंतक’ कळवितो, ते आपल्याकडे किती स्थळे मोडून गेले आहे हे कोणास सांगावयास नको. त्याची कसोटी सोपी आहे: पत्र ज्याच्याकडे गेले त्याला त्या माहितीवरून काही तपासता येते की नुसताच संशय बाळगावा लागतो? तपासाची सोय नसलेले पत्र अन्याय उघडकीस आणीत नाही, तो करते. धमकीच्या निनावी पत्राला तर कायद्याने वेगळे स्थान दिले आहे. पूर्वीच्या दंडसंहितेचे कलम ५०७, आताच्या न्यायसंहितेचे ३५१ (४), नाव लपवून धमकी देणाऱ्यास मूळ शिक्षेखेरीज दोन वर्षांपर्यंतची आणखी शिक्षा सांगते.

यंत्रांविषयीचे प्रकरण वाचकाने स्वतः वाचावे. भ्रमणध्वनीवरून पाठविलेला निरोप नंबर बरोबर घेऊन जातो, छायाचित्राच्या पोटात वेळ आणि ठिकाण दडलेले असू शकते, कित्येक रंगीत लेझर मुद्रणयंत्रे प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटवितात ज्यांवरून यंत्राचा क्रमांक काढता येतो, आणि टपालाचा शिक्का पाकीट कोणत्या गावी पडले ते सांगतो. हे जाणून असावे. परंतु आपल्या तालुक्यात माणूस ठिपक्यांवरून सापडल्याचे मी पाहिले नाही. ‘करायलेत’, ‘काहून’ अशा बोलीतल्या शब्दांवरून आणि एखाद्या रागाच्या वाक्यावरून लोकांना अंदाज बांधताना मात्र पुष्कळदा पाहिले आहे. बोली साऱ्या मराठवाड्याची असते, तिने फारसे बिघडत नाही. राग मात्र एकट्याचा असतो, आणि तो ज्याला माहीत आहे त्याला अक्षर ओळखावे लागत नाही. एक रात्र मध्ये जाऊ देऊन, सकाळी विशेषणे खोडून, मग पत्र उतरवून काढावे, या सल्ल्यामागे सौजन्याइतकाच हाही हिशेब आहे.

एका मुद्द्यावर माझा आणि लेखकांचा मतभेद आहे, आणि तो येथे नोंदविण्यास त्यांनी उदार मनाने संमती दिली आहे. पत्र पेटीत पडले की त्याची प्रत, कच्चा खर्डा, टिपणे, सर्व नष्ट करावे असे ते शेवटच्या प्रकरणात सांगतात, आणि लिहिणाऱ्याच्या सुरक्षिततेपुरते ते बरोबर आहे. मला मात्र वाटते की एक प्रत, घरात नव्हे तर घराबाहेर, ज्याला या प्रकरणात ना देणे ना घेणे अशा विश्वासू माणसाजवळ, बंद पाकिटात, तारीख घालून ठेवावी. मी वर म्हटले तसा तो आळ उद्या एखाद्या निरपराध माणसावर आला, त्याच्या दारावर दगड पडू लागले, कोणी त्याला मारहाण करण्याच्या बेतात आले, तर ‘हे मी लिहिले’ असे पुढे येऊन सांगण्याची पाळी येईल. आणि त्या वेळी नुसत्या तोंडी सांगण्यावर गाव विश्वास ठेवणार नाही, उलट दोघांचे संगनमत होते असे म्हणेल. लेखकांचे म्हणणे असे की ज्याला अशी पाळी येईल अशी भीती वाटते त्याने ते पत्र लिहूच नये. यावर आम्ही दोघे किल्ल्याच्या वाटेवर अनेक संध्याकाळी बोललो आहोत आणि अजून एकमत झालेले नाही, म्हणून पुस्तिकेत त्यांचा नियम आहे तसा राहिला असून माझे मत या प्रस्तावनेपुरतेच समजावे.